कै. प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे : एका उपेक्षित समाजसेवकाचे चरित्र

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेतून ज्ञातीतील थोर पुरुषांचा व स्त्रियांचा परिचय करून देण्याचा प्रघात जुना आहे. रणांगण गाजविणारे, राजकारण चालविणारे, ग्रंथ लिहिणारे आणि संस्था उभारणारे असे अनेक चित्पावन पुरुष या पानांतून वाचकांना भेटले. परंतु ज्याचे नाव घेताच घरातील वडीलधारी मंडळी एकेकाळी विषय बदलीत असत, अशा एका पुरुषाचे चरित्र सांगावयाचे बहुधा राहूनच जाते. तो पुरुष म्हणजे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे. स्त्रीशिक्षणाचे महर्षी अण्णासाहेब कर्वे यांचे हे ज्येष्ठ चिरंजीव. पुण्यात वडिलांच्या नावाने मोठा हमरस्ता आहे, वसाहत आहे, पुतळा आहे. आणि ते सर्वथा योग्यच आहे. पुत्राच्या कार्याची आठवण मात्र आपल्या घरांतून क्वचितच निघते. वस्तुतः आज आपल्यापैकी बहुतेक प्रत्येक कुटुंब ज्या विचाराचा लाभ निमूटपणे घेत आहे, तो विचार मराठीत उघडपणे, सातत्याने आणि स्वतःची पदरमोड करून मांडण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांचेच आहे. म्हणून या चरित्राचा मागोवा आम्ही येथे घेत आहोत.

जन्म, बालपण व शिक्षण

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात, मुरूड या समुद्रकाठच्या गावी झाला. वडील धोंडो केशव कर्वे त्या वेळी विद्यार्थिदशेतच होते. मातोश्री राधाबाई यांना १८९१ साली बाळंतपणात मृत्यू आला. तेव्हा रघुनाथ अवघा नऊ वर्षांचा होता. त्या काळी बाळंतपणात स्त्री दगावणे ही घरोघरीची गोष्ट होती आणि ती दैवगती म्हणून सोडून देण्यात येत असे. हा आघात मुलाच्या मनात किती खोल रुजला, हे सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही; परंतु पुढे ज्या प्रश्नाला त्यांनी आपले आयुष्य वाहिले, तो प्रश्न त्यांच्या घराच्या उंबरठ्यावर इतक्या लवकर येऊन ठाकला होता, एवढे मात्र नमूद केले पाहिजे.

त्याच वर्षी अण्णासाहेब पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापक म्हणून रुजू झाले. १८९३ साली त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील विद्यार्थिनी गोदूबाई यांच्याशी पुनर्विवाह केला. गोदूबाई बालविधवा होत्या. विवाहानंतर त्यांचे नाव आनंदीबाई असे ठेवण्यात आले आणि पुढे सारे त्यांना बाया म्हणू लागले. या विवाहाबद्दल मुरूडच्या ग्रामस्थांनी कर्वे कुटुंबावर बहिष्कार घातला. स्वकीयांनी पाठ फिरविणे म्हणजे काय, याचा पहिला धडा रघुनाथाला अशा रीतीने अकराव्या-बाराव्या वर्षीच मिळाला. त्याचबरोबर, सत्य वाटेल ते केल्यावर माणूस बहिष्कारातूनही ताठ मानेने जगू शकतो, हेही त्यास घरातच पाहावयास मिळाले.

पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये त्यांचे शिक्षण झाले. १८९९ साली मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांनी पहिला क्रमांक पटकाविला. पुढे फर्ग्युसन महाविद्यालयातून १९०४ साली ते बी. ए. झाले. गणित हा त्यांचा आवडता विषय. ज्या घरात रँग्लर परांजपे यांच्यासारखा बुद्धिमान आप्त अण्णांच्या छत्राखाली शिकून मोठा झाला, त्या घरातील हा मुलगा गणिताकडे वळला यात नवल नाही. पुढे पॅरिसला जाऊन त्यांनी गणिताचा उच्च अभ्यास केला. तेथे फ्रेंच भाषा त्यांनी इतकी आत्मसात केली की, पुढील काळात त्या भाषेतील कथावाङ्मय त्यांनी मराठीत आणले. गणिताने त्यांच्या बुद्धीला एक वळण लावले होते. एखादे विधान परंपरेने चालत आले आहे एवढ्यावरून ते मान्य करावयाचे नाही, त्याची सिद्धता मागावयाची, आणि सिद्धता पटली की तिचे परिणाम कितीही अप्रिय असोत, ते स्वीकारावयाचे. हा शिरस्ता त्यांनी समाजजीवनातही लागू केला आणि तेथेच त्यांचे व समाजाचे बिनसले.

कार्याचा आरंभ

मुंबईत विल्सन महाविद्यालयात ते गणिताचे प्राध्यापक होते. नोकरी मानाची, वेतन चांगले, विद्वत्तेचा लौकिक झालेला. सामान्य माणसाने येथे समाधान मानले असते. परंतु १९२१ साली रघुनाथरावांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. डॉ. मेरी स्टोप्स बाईंनी लंडनमध्ये असे केंद्र उघडले तेही याच वर्षी. म्हणजे ज्या गोष्टीस विलायतेत नुकताच कोठे प्रारंभ होत होता, तिला एका मराठी प्राध्यापकाने आपल्या देशात त्याच वर्षी हात घातला. भारतातील अशा स्वरूपाचे हे पहिले केंद्र मानले जाते. जोडीने संततिप्रतिबंधक साधने पुरविण्याचीही व्यवस्था त्यांनी केली, कारण नुसता उपदेश करून साधन हाती न देणे त्यांना पटणारे नव्हते.

या कामात त्यांना पहिल्यापासून साथ मिळाली ती त्यांच्या पत्नी मालतीबाई यांची. माहेरच्या त्या गंगूबाई गोडे. केंद्रावर येणाऱ्या स्त्रियांशी बोलणे, त्यांची भीड चेपणे, साधनांचा वापर समजावून देणे हे काम परपुरुषाकडून होणे त्या काळी शक्यच नव्हते. मालतीबाईंनी ते आपल्या शिरावर घेतले. नातेवाइकांचे टोमणे, शेजाऱ्यांची कुजबूज आणि पुढे आलेली ओढग्रस्त या सर्वांत त्यांचा वाटा पतीइतकाच होता. रघुनाथरावांचे चरित्र सांगताना मालतीबाईंचे नाव एका ओळीत उरकणे म्हणजे त्या चरित्रावरच अन्याय करणे होय.

१९२३ साली रघुनाथरावांचे ‘संततिनियमन : विचार व आचार’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. विल्सन महाविद्यालय मिशनरी मंडळींचे. आपला एक प्राध्यापक असल्या विषयाचा जाहीर प्रचार करतो हे व्यवस्थापकांस रुचले नाही आणि अखेर रघुनाथरावांना राजीनामा द्यावा लागला. प्रचार सोडावा की नोकरी सोडावी, असा प्रश्न पुढे आला असता त्यांनी नोकरी सोडली. त्यानंतरचे सारे आयुष्य त्यांनी या एकाच कार्यात घालविले. ‘आधुनिक कामशास्त्र’, ‘आधुनिक आहारशास्त्र’, ‘वेश्याव्यवसाय’ अशी पुस्तके त्यांनी लिहिली. विषय कोणताही असो, भाषा साधी, वाक्य सरळ, आडपडदा नाही आणि आलंकारिक फुलोराही नाही, अशी त्यांची लेखनपद्धती होती.

‘समाजस्वास्थ्य’ आणि न्यायालये

१५ जुलै १९२७ रोजी त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले. शारीरिक व मानसिक आरोग्याची, विशेषतः ज्याविषयी सभ्य समाज मौन पाळतो अशा प्रश्नांची चर्चा करणे हा त्याचा हेतू. वाचकांनी पत्रे लिहावीत, आपल्या अडचणी विचाराव्यात आणि संपादकांनी त्यांस शास्त्राच्या आधारे उत्तर द्यावे, हे या मासिकाचे एक वैशिष्ट्य होते. ‘शारदेची पत्रे’ हे त्यातील सदरही गाजले. मासिकाने पैसा कधीच मिळविला नाही. संपादक, लेखक, मुद्रितशोधक आणि अंक टपालात टाकणारा कारकून या सर्व भूमिका बहुधा एकाच माणसाला कराव्या लागत. तरीही हे मासिक नोव्हेंबर १९५३ पर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षांहून अधिक काळ चालले.

अश्लीलतेच्या आरोपाखाली त्यांच्यावर खटले झाले. १९३१ साली एका लेखाबद्दल त्यांना शंभर रुपये दंड झाला. १९३४ साली ‘समाजस्वास्थ्या’च्या गुजराती अंकात वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून दुसरा खटला भरण्यात आला. या वेळी त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले होते. लैंगिक विषयावर लिहिणे म्हणजेच अश्लीलता नव्हे, आणि वाचक प्रश्न विचारतात तर शास्त्रीय उत्तर देणे हे अशा नियतकालिकाचे कर्तव्यच आहे, अशा आशयाची बाजू त्यांनी मांडली. खटला हरला आणि दोनशे रुपये दंड झाला. परंतु ज्ञातीचे लोक दूर उभे असता त्या प्रसंगी बाबासाहेब रघुनाथरावांच्या पाठीशी उभे राहिले, हे आपण विसरता कामा नये. पुढे १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव बाबासाहेबांच्या पक्षाचे पी. जे. रोहम यांनी मांडला, तो बाबासाहेबांनी सिद्ध केलेल्या भाषणाच्या आधारे. तो ठराव मोठ्या मताधिक्याने फेटाळला गेला. पुढे १९५२ साली भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा चौदा वर्षांपूर्वी नाकारलेला तोच विचार राज्यकर्त्यांना स्वीकारावा लागला.

विरोध केवळ सनातन्यांचाच होता असे नाही. महात्मा गांधींना लोकसंख्येचा व स्त्रियांच्या हालांचा प्रश्न मान्य होता. परंतु उपाय म्हणून त्यांना ब्रह्मचर्य व संयम एवढेच मान्य होते, कृत्रिम साधने नव्हेत. १९३५ च्या डिसेंबरात अमेरिकेतील कार्यकर्त्या मार्गारेट सँगर वर्ध्यास येऊन त्यांच्याशी बोलल्या, तरीही गांधीजींचे मत बदलले नाही. रघुनाथरावांची भूमिका नेमकी उलट होती. संसारी स्त्रीपुरुषांस संन्याशाचे नियम लावणे त्यांस अव्यवहार्य वाटे आणि त्यात स्त्रीचीच कुचंबणा होते असे ते मानीत. स्त्रीलाही शरीरसुखाची इच्छा व हक्क आहे आणि ते सुख तिला गर्भधारणेच्या भीतीवाचून मिळावे, हे त्यांनी ज्या काळात लिहिले त्या काळात असे लिहिणारे अन्य देशांतही थोडेच होते.

स्वतःपासून प्रारंभ

आता आम्ही रघुनाथरावांच्या चरित्रातील ज्या गोष्टीकडे येत आहोत, ती आमच्या मते सर्वांत महत्त्वाची आहे. त्यांनी व मालतीबाईंनी आपणांस अपत्य होऊ द्यावयाचे नाही असा निर्णय घेतला आणि त्यासाठी रघुनाथरावांनी स्वतःवर शस्त्रक्रिया करून घेतली. ज्यास आज आपण पुरुष नसबंदी म्हणतो तीच ही शस्त्रक्रिया. त्या काळी या देशात तिचे नाव ठाऊक असलेले लोकही विरळा. पाश्चात्त्य देशांत ती पूर्वीपासून ठाऊक होती, पण तेथेही तिचा इतिहास निष्कलंक नाही. अमेरिकेतील इंडियाना संस्थानात १९०७ साली गुन्हेगार व मतिमंद ठरविलेल्या लोकांचे निर्बीजीकरण सक्तीने करण्याचा कायदा झाला होता. स्वखुशीने, दांपत्याच्या विचाराने आणि कुटुंबाचे प्रमाण ठरविण्यासाठी सुशिक्षित पुरुषाने ती करून घेणे ही गोष्ट अगदी वेगळी होती.

या कृतीचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. गरोदरपण स्त्रीचे, बाळंतपण तिचे, बाळंतपणातील मरण तिचे. तेव्हा ते टाळण्याचा खटाटोपही तिनेच करावा, असा जगाचा रिवाज होता. रघुनाथरावांनी इतरांस साधने दिली, पुस्तके दिली, सल्ला दिला. पण स्वतःच्या घरात जेव्हा प्रश्न आला तेव्हा त्यांनी पत्नीच्या शरीराकडे बोट दाखविले नाही. ज्याचा उपदेश करावयाचा त्याची कसोटी आधी स्वतःवर, हा बाणा त्यांनी वडिलांपासून घेतला होता. अण्णासाहेबांनी विधवाविवाहावर व्याख्याने देऊन कुमारिकेशी लग्न केले नाही. पुत्रानेही तोच कित्ता गिरविला.

शस्त्रक्रियेचे स्वरूप

या ठिकाणी शस्त्रक्रियेची थोडी माहिती देणे अप्रस्तुत होणार नाही, कारण आपल्या सुशिक्षित घरांतही तिच्याविषयी अनेक गैरसमज आहेत. पुरुषाच्या वृषणांत शुक्रजंतू तयार होतात आणि दोन बारीक नळ्यांतून ते वर वाहून नेले जातात. या दोन नळ्या तोडून बांधणे एवढेच या शस्त्रक्रियेचे स्वरूप आहे. वृषणांस हात लावला जात नाही. पुरुषत्व टिकविणारे जे द्रव्य वृषणांतून थेट रक्तात मिसळते, ते पूर्वीप्रमाणेच मिसळत राहते. त्यामुळे आवाज, दाढीमिशा, बळ, कामेच्छा व समागमाची क्षमता यांत फरक पडत नाही. वीर्याचा बहुतांश भाग अन्य ग्रंथींतून येत असल्याने त्यातही डोळ्यांस दिसेल असा फरक होत नाही. तयार होणारे शुक्रजंतू शरीरातच जिरून जातात. शस्त्रक्रियेने अशक्तपणा येतो, कष्टाचे काम होत नाही, ही समजूत सर्वस्वी निराधार आहे.

चीनमध्ये १९७४ साली डॉ. ली शुनचियांग यांनी जी पद्धत शोधून काढली, तीत चाकूचीही गरज राहिली नाही. जागा बधिर करून एका सूक्ष्म छिद्रातून दोन्ही नळ्या बाहेर घेतल्या जातात आणि टाका घालावा लागत नाही. सारे काम सुमारे पाव तासाचे असते. मनुष्य त्याच दिवशी स्वतःच्या पायांनी घरी जातो. काही दिवस जड ओझे उचलणे व सायकल चालविणे टाळावे लागते, एवढेच पथ्य.

मात्र तीन गोष्टी प्रत्येक दांपत्याने ध्यानात ठेवल्या पाहिजेत. पहिली अशी की, या शस्त्रक्रियेचा परिणाम तत्काळ होत नाही. नळ्यांत आधीच असलेले शुक्रजंतू निघून जाण्यास सुमारे तीन महिने लागतात. तोपर्यंत दुसरे साधन वापरावे लागते आणि वीर्यतपासणीत ते निर्बीज ठरल्यावरच निर्धास्त व्हावयाचे असते. ही काळजी न घेतल्यामुळे काही ठिकाणी गर्भ राहतो आणि निरपराध पत्नीवर संशय घेतला जातो, हे फार दुःखद आहे. सर्व काळजी घेऊनही हजारात एखाद्या बाबतीत नळ्या पुन्हा जुळून येऊ शकतात, म्हणून तशा वेळी संशयाऐवजी वैद्यांकडे जाणे हाच शहाणपणा होय. दुसरी गोष्ट अशी की, ही शस्त्रक्रिया कायमची समजूनच करावी. नळ्या पुन्हा जोडण्याची शस्त्रक्रिया आहे, परंतु तिला यश येईलच असे नाही. म्हणून घाईने, रागाच्या भरात किंवा दुसऱ्याच्या आग्रहावरून हा निर्णय घेऊ नये. तिसरी गोष्ट, या शस्त्रक्रियेने संसर्गजन्य गुप्तरोगांपासून संरक्षण मिळत नाही. थोड्या लोकांस काही काळ सूज वा दुखणे होते, आणि फार थोड्यांस ते अधिक काळ टिकते. हेही आधीच सांगून ठेवणे बरे.

पुण्यातील कार्य व पुढील इतिहास

रघुनाथरावांची कर्मभूमी मुंबई असली, तरी त्यांच्या विचाराचे एक रोप पुण्यात लागले आणि वाढले. रँग्लर परांजपे यांच्या कन्या शकुंतलाबाई परांजपे या केंब्रिजला गणित शिकून आलेल्या. १९३८ पासून त्यांनी कुटुंबनियोजनाच्या कार्यास वाहून घेतले. पुण्यात व आसपासच्या खेड्यांत त्यांनी हा प्रचार नेला, आणि पुरुषांच्या शस्त्रक्रियेचा त्यांनी विशेष आग्रह धरला. १९५८ ते १९६४ या काळात त्या विधान परिषदेच्या सभासद होत्या व १९६४ ते १९७० पर्यंत राज्यसभेच्या राष्ट्रपतिनियुक्त सभासद होत्या. १९९१ साली त्यांना पद्मभूषण हा सन्मान मिळाला. २००० साली त्या निवर्तल्या. ज्या कार्यासाठी रघुनाथरावांना दंड झाला, त्याच कार्यासाठी त्यांच्याच आप्तकुळातील एका स्त्रीला राष्ट्राने गौरविले. मधल्या साठ वर्षांत समाज किती बदलला याचे हे एक गमक मानावयास हरकत नाही.

परंतु इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात पुरुष नसबंदीचा प्रसार सक्तीने करण्यात आला. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश पुरुषांवरील होत्या. महाराष्ट्र विधिमंडळाने तर १९७६ साली सक्तीच्या निर्बीजीकरणाचे विधेयकच संमत केले. सुदैवाने त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही व ते अमलात आले नाही. रघुनाथरावांच्या शिकवणुकीचा यापेक्षा मोठा विपर्यास झाला नसता. त्यांचे सारे प्रतिपादन व्यक्तीच्या स्वातंत्र्यावर उभे होते. माहिती द्यावी, साधन द्यावे आणि निर्णय ज्याचा त्याने घ्यावा, हे त्याचे सार. सक्तीने झालेल्या कामाची प्रतिक्रिया अशी उमटली की, पुरुषांची शस्त्रक्रिया हा शब्दच लोकांना नकोसा झाला आणि त्यानंतर सारा भार पुन्हा स्त्रियांवर येऊन पडला.

तो आजही तसाच आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे आढळले की, देशातील विवाहित स्त्रियांपैकी जवळजवळ ३८ टक्के स्त्रियांनी शस्त्रक्रिया करून घेतली आहे, तर पुरुषांच्या शस्त्रक्रियेवर अवलंबून असलेल्या दांपत्यांचे प्रमाण शेकडा ०.३ इतकेच आहे. म्हणजे शंभराहून अधिक स्त्रियांमागे एक पुरुष. स्त्रीची शस्त्रक्रिया पोट उघडून वा पोटात दुर्बीण घालून करावी लागते, भूल अधिक द्यावी लागते आणि धोकाही तुलनेने अधिक असतो. पुरुषाची त्या मानाने किती सोपी हे वर सांगितलेच आहे. सोपे काम पुरुषाने टाळावयाचे आणि अवघड काम स्त्रीने करावयाचे, ही वहिवाट कोणत्या न्यायात बसते?

अखेर

रघुनाथरावांचे अखेरचे दिवस विपन्नावस्थेत गेले असले, तरी त्यांनी हातातील काम ठेवले नाही. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. सरकारी कार्यक्रम सुरू होऊन तेव्हा एखादे वर्षच झाले होते. त्यांच्यानंतर ‘समाजस्वास्थ्या’चा नोव्हेंबरचा अंक निघाला आणि मासिक थांबले. पुढे दिवाकर बापट व य. दि. फडके यांनी त्यांच्यावर पुस्तके लिहिली. २००१ साली अमोल पालेकर यांनी ‘ध्यासपर्व’ हा चित्रपट काढला, आणि नव्या पिढीस या नावाची थोडीफार ओळख झाली.

ज्ञातीच्या स्मरणिकेत हे चरित्र छापण्याचे औचित्य काय, असा प्रश्न काही वाचक करतील. अलीकडे आपल्या सभासंमेलनांतून एक चिंता वारंवार ऐकू येते. आपली संख्या घटत आहे, घरोघरी एकच मूल आहे, काही दांपत्ये तेवढेही होऊ देत नाहीत. मग अशा वेळी संततिनियमनाच्या पुरस्कर्त्याचा गौरव कशासाठी? या चिंतेमागील आपलेपणा आम्ही ओळखतो. परंतु उत्तर शोधावयाचे तर ते रघुनाथरावांच्याच मार्गाने शोधावे लागेल. मूल केव्हा व्हावे, किती व्हावीत, व्हावे की न व्हावे, हे ठरविण्याचा अधिकार त्या दांपत्याचा आहे. तो ज्ञातीचा नाही, सासूसासऱ्यांचा नाही आणि सरकारचाही नाही. आणीबाणीत सरकारने नको म्हणून केलेली सक्ती जर आपणांस निंद्य वाटते, तर ज्ञातीने हवे म्हणून केलेला आग्रहही त्याच तराजूत तोलावा लागेल. ज्यांस अधिक मुले हवी आहेत त्यांनी ती आनंदाने होऊ द्यावीत. त्यांना साहाय्य करावयाचे तर शिक्षणास, घरास व पाळणाघरास करावे. उपदेशाने वंश वाढत नाहीत.

आणि ज्यांचे कुटुंब पूर्ण झाले आहे, त्यांच्यासाठी एक विनंती. दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळीच सुनेची शस्त्रक्रिया उरकून घ्यावी, असे आपल्या घरांत सहज बोलले जाते. त्या बैठकीत मुलाच्या शस्त्रक्रियेचा विचार कोणी काढीत नाही. काढल्यास आईच्या डोळ्यांत पाणी येते आणि मुलगा गप्प बसतो. येथून पुढे हा विषय निदान बोलला जावा. पतीपत्नींनी एकत्र बसून, वैद्यांस विचारून, दोन्ही मार्ग समजावून घ्यावेत आणि मग जो पटेल तो घ्यावा. सरकारी व महापालिकेच्या रुग्णालयांतून ही शस्त्रक्रिया विनामूल्य होते, तेव्हा खर्चाची सबब उरत नाही. शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या पुरुषास कोणी हसू नये. त्याने संसारातील एक ओझे स्वतःच्या खांद्यावर घेतले आहे, हे त्याच्या मुलाबाळांनाही अभिमानाने सांगता यावे.

रघुनाथरावांना पुत्र नव्हता, कन्या नव्हती. त्यांच्या नावाने वर्षश्राद्ध करणारे कोणी मागे राहिले नाही, आणि तशा विधींवर त्यांचा विश्वासही नव्हता. परंतु नको असलेल्या गर्भारपणातून सुटलेल्या, चार मुले नीट वाढवून पाचव्याच्या भीतीने रात्री न जागणाऱ्या, बाळंतपणात न दगावता नातवंडे पाहिलेल्या असंख्य स्त्रिया या महाराष्ट्रात होऊन गेल्या व आजही आहेत. त्यांतील बहुतेकींना हे नाव ठाऊक नाही. आपल्या मंडळाच्या घरांतून तरी ते ठाऊक असावे, या हेतूने हा अल्प परिचय आम्ही ज्ञातिबंधू व भगिनींच्या हाती देत आहोत.